सेनापतीचा वैद्य

"थांब जरा," सासरे म्हणाले. "ही वैद्यबाई सगळ्या फौजेसोबत नदीत उतरून आंघोळ करते, आणि एकजणही मान वळवून बघत नाही?"

मी मोबाइलमधून डोकं वर काढलं. त्यांच्या एका डोळ्यावर ऑपरेशनची पट्टी होती, दुसरा आधीच कामातून गेलेला.

"शिस्तीची फौज आहे, बाबा."

"आयुष्यभर थिएटरात सिनेमे दाखवलेत मी. अशी फौज कुठेच नसते."

पकडले गेले मी. चूक माझीच होती.

मी कवळ्या बनवते. लॅबमध्ये माझ्याशेजारी पॉलिशला बसणाऱ्या मैत्रिणीने मला चिनी कादंबऱ्यांचा नाद लावला. दोन पुरुषांच्या प्रेमाच्या. लिहिणाऱ्या बहुतेक बायका, वाचणाऱ्याही बायकाच, आणि कुणीतरी हौसेने इंग्रजी करून नेटवर टाकतं. आधी मी नाक मुरडलं. मग एक प्रकरण वाचलं आणि गेले की वाहून. त्या गोष्टींत कुणाला कसली घाईच नसते. डोंगरावर बर्फ पडत असतो, चहा निवत असतो, आणि एकाने दुसऱ्याच्या बाहीवरचा बर्फ झटकावा की नाही, यात अख्खं प्रकरण सरतं. इकडे आपला जीव टांगणीला. माझा नवरा भला माणूस आहे, पण त्याचं प्रेम म्हणजे 'गॅस बंद केलास ना' एवढंच. असं थांबून, निवांत माझ्याकडे कुणी बघितलेलं मला आठवत नाही.

लॅबमध्येही मी तिकडेच असायची. नाकात मेणाचा वास, हातात दात, डोक्यात बर्फ. त्या तंद्रीत एका आडदांड ट्रक ड्रायव्हरच्या कवळीला मी बायकी दात बसवले, लहान आणि गोलसर. मालक भडकला. ड्रायव्हर मात्र आरशात बघत म्हणाला, राहू द्या हो, हसू बरं दिसतंय.

डोळ्याच्या ऑपरेशननंतर सासऱ्यांचे दिवस खायला उठले, तेव्हा मी रजा घेऊन दुपारी त्यांना एक कादंबरी सांगायला लागले. मनात वाचायची आणि आपल्या भाषेत सांगायची. पण सासऱ्यांना दोन पुरुषांचं प्रेम कसं सांगणार? म्हणून सेनापतीच्या वैद्याची मी बाई करून टाकली होती.

"बाबा," मी म्हटलं, "ती बाई नाहीये. दोघंही पुरुष आहेत. आणि नुसते मित्र नाहीत."

आता उठतील, नाहीतर मुलाला सांगतील, असं वाटलं. त्यांनी चाचपडत कप उचलला आणि उरलेला चहा संपवला.

"मग तसंच सांगायचं ना. उगाच बिचाऱ्याची बाई कशाला केलीस? चल, परत पहिल्यापासून."

त्या दुपारी काही वेगळ्याच होत्या. पडद्यातून पिवळा उजेड यायचा, बाहेर कुणीतरी भांडी घासत असायचं, आणि आम्ही दोघं डोंगरावर. सासरे मधेच विचारायचे, वैद्याचा आवाज कसा आहे?

"हळू बोलतो, बाबा."

"आमचा जोडीदार तसाच होता."

जोडीदार म्हणजे थिएटरच्या मशीनच्या खोलीतला दुसरा ऑपरेटर. दोन मशीनं, दोन माणसं. याचं रीळ संपत आलं की त्याने आपलं मशीन असं नेमकं सुरू करायचं, की खाली बसलेल्यांना सांधा दिसता कामा नये. थिएटर बंद पडल्यावर तो लांब बहिणीच्या गावी गेला. गेल्या महिन्यात तिच्या मुलीचा फोन आला होता. मामाच्या घशाचं ऑपरेशन झालं, आवाज गेला, आता फार दिवस नाहीत. सासऱ्यांनी 'बरं' म्हणून फोन ठेवला आणि त्या दिवशी ते जेवले नाहीत. फोन लावून देऊ का म्हटलं, की त्यांचं एकच उत्तर. "ज्याला बोलता येत नाही, त्याला फोन करून काय विचारू?"

मग सेनापती लढाईला निघतो ते प्रकरण आलं. वैद्य त्याला पुड्या बांधून देतो, कुठलं औषध कशासोबत घ्यायचं ते सगळं बजावतो. एवढंच बोलतो.

"मूर्ख आहेत," सासरे म्हणाले. "दोघंही. सांगून का नाही टाकत?"

"सांगितलं तर कादंबरी संपेल ना, बाबा."

ते हसले नाहीत. गुडघे चोळू लागले.

"आम्ही असे होतो की नव्हतो, मला नाही माहीत, पोरी. तेव्हा असली पुस्तकं नव्हती. तुझी सासू चांगली होती, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण सांधा जुळला की तो माझ्याकडे बघून हसायचा. तसं नंतर कुणी हसलं नाही." मग म्हणाले, "लाव फोन."

भाचीने मामाच्या कानाला फोन लावला. इकडे स्पीकर लावून मी दिलेला फोन सासऱ्यांनी तोंडाजवळ नेला, मग खाली घेतला. फोन ठेवतात की काय, असं मला वाटलं.

"मी बोलतोय," ते शेवटी म्हणाले. "तू नुसतं ऐक. मला तुझी आठवण येते. रोज येते. झालं, एवढंच." पलीकडून श्वासाची शीळ ऐकू येत होती. "आता माझी सून एक गोष्ट सांगेल. सेनापती आणि त्याचा वैद्य. दोघंही पुरुष आहेत, गोंधळू नकोस."

आणि मला म्हणाले, "पहिल्यापासून."

प्रकरण संपल्यावर भाची फोनवर आली. "मामा फोन सोडत नाहीयेत. पुढचं सांगा म्हणून खुणा करतायत."

मग रोज दुपारी आम्ही तिघं डोंगरावर. लढाई संपली, सेनापती जखमी घोड्यावरून परत निघाला, वैद्य फाटकाशी दिवा घेऊन उभा राहायला लागला. आणि एका सकाळी भाचीचा फोन आला. मामा झोपेतच गेले.

सासऱ्यांची पट्टी तोवर निघाली होती. दुपारी मी त्यांच्याजवळ जाऊन बसले.

"बाबा, थोडंच उरलंय. शेवट सांगू?"

"नको. त्याला ऐकायला मिळाला नाही, मग मला कशाला?" ते खिडकीबाहेर बघत होते. "येतोय ना सेनापती? येऊ दे सावकाश."

तो शेवट मीही अजून वाचलेला नाही.