सुकीच्या घरातल्या शेळ्या

सुकीला ताप यायचा तो संध्याकाळी. दिवस कलला की अंग फणफणायचं, पहाटे घामाने गोधडी भिजायची आणि उजाडलं की ती गुडघे धरत उठून शेळ्या सोडायची. मलेरियाची तपासणी झाली होती, त्यात काही निघालं नव्हतं. उधव्याजवळच्या पाड्यावर ती एकटीच राहायची. नवरा वारला होता, मुलगी लग्न होऊन सीमेपलीकडे गुजरातेत गेली होती.

निशिगंधा तिच्याकडे पहिल्यांदा आली ती अशाच तापांच्या शोधात. माणूस, जनावर आणि भोवतालची जमीन, पाणी, रान यांचं आरोग्य एकमेकांत कसं गुंतलेलं असतं, हे ती विद्यापीठात शिकत होती. वर्गातले बाकीचे एक तर माणसांचे डॉक्टर, नाही तर जनावरांचे. ती साधी प्राणिशास्त्राची पदवीधर. त्यांच्या गप्पांत तिला शिरता यायचं नाही. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प तिने मुद्दाम आपल्या जिल्ह्यात घेतला. पण डहाणूला, वडिलांच्या चिकूच्या वाडीत परतल्यावर तरी कुठे काय होतं! जेवताना धाकटा भाऊ ओंकार म्हणाला, "ताई, एवढं शिकून शेळ्यांच्या मागे फिरायचं?" वडील हसले. तीही हसली, आणि मग घरात तिने अभ्यासाचा विषय काढणंच सोडलं. सकाळी डबा घेऊन निघायची, तलासरीला बस बदलायची आणि उधव्याच्या बाजूच्या पाड्यांवर दिवसभर हिंडायची.

सुकी मात्र तिच्याशी बोलली. तिची मोरी नावाची शेळी गाभडली होती. मेलेली पिल्लं सुकीने हातांनीच ओढून काढली होती.

"रडली बाय ती," सुकी म्हणाली. "मी रातभर तिला धरून बसले."

तलासरीचे जनावरांचे डॉक्टर मनिष यांनी शेळ्यांचं रक्त घेतलं, दवाखान्यात सुकीचं घेतलं. रिपोर्ट आले. मोरीला आणि सुकीला एकच जंतू, गाभडलेल्या जनावराला हात लावल्याने माणसाला होणारा. बाकीच्या शेळ्या ठीक होत्या.

निशिगंधाने मार्गदर्शक बाईंना फोन केला. त्यांचा आवाज खुलला. "छान! माणूस आणि जनावर, दोन्हीकडे सापडलं. तुझं तिथलं काम झालं. पुढचं दवाखाना बघेल."

फोन ठेवल्यावर ती वाडीच्या कुंपणाशी बराच वेळ उभी राहिली. ही गोष्ट कुणाला तरी सांगावी असं तिला वाटत होतं. फोनमधली नावं वरखाली करून तिने तो पुन्हा खिशात टाकला.

दुसऱ्या दिवशी ती सुकीकडे गेली. दीड महिना गोळ्या घ्याव्या लागतील, एकही चुकवायची नाही, हे सांगितलं. मग म्हणाली, "मावशी, शेळ्या घरात घेऊन झोपायचं बंद करा. त्यांना बाहेर बांधा."

"आणि बिबट्या?"

मागच्या थंडीत बिबट्याने शेजारच्या अंगणातून कुत्रं उचलून नेलं होतं, हे निशिगंधाला ठाऊक होतं. वर्गात फळ्यावर माणूस, जनावर आणि रान अशी तीन वर्तुळं काढलेली असायची. इथे ती तिन्ही सुकीच्या एका खोलीत होती.

"बिबट्याचं एक," सुकी पुढे म्हणाली. "पण त्या नसल्या तर मी बोलू कोणाशी? लेक फोन करते, तो पण सणाला."

त्या संध्याकाळी निशिगंधाने वडिलांकडे वाडीतली जुनी जाळी मागितली. कशाला, हे तिने पहिल्यांदाच नीट सांगितलं. वडिलांनी ऐकून घेतलं आणि सकाळी जाळी टेम्पोत चढवलेली होती. पाड्यावरच्या माणसांनी बांबू तोडले. सुकीच्या कुडाच्या भिंतीला लागूनच, वरून झाकलेला पक्का गोठा उभा राहिला.

मोरीचं काय करायचं, ते डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. विकली तर रोग दुसऱ्याच्या दारात जाईल, ठेवली तर बाकीच्यांना होईल; सुई देऊन तिला शांतपणे मारणं हाच उपाय. जबरदस्ती नव्हती. सुकी दोन दिवस विचार करत राहिली आणि मग डॉक्टर आले तेव्हा स्वतःच मोरीला अंगणात घेऊन आली. आंब्याच्या डहाळीची पानं तिच्यापुढे धरली. मोरी खात असतानाच डॉक्टरांनी सुई दिली. निशिगंधाने हातमोजे घालून तिचं डोकं मांडीवर धरलं होतं. ते जड होत गेलेलं तिला कळलं. खोल खड्डा खणून, चुना टाकून मोरीला पुरलं. सुकी कुणाशी न बोलता आत गेली आणि तिने दार लावून घेतलं.

त्यानंतर निशिगंधा दर आठवड्याला गोळ्या बघायला जायची. सुकी रिकामं पाकीट पुढे करायची, वर बघायची नाही. ताप उतरला, गुडघे मोकळे झाले, तरी तिचं बोलणं परतलं नाही. निशिगंधा ओटीवर थोडी टेकायची आणि बस पकडायची. तिला वाटायचं, आपण हिचा ताप काढला आणि सोबतही.

विद्यापीठात तिने प्रकल्प मांडला. टाळ्या झाल्या. चाचणी कोणती वापरली, असं एकाने विचारलं. सुकी कशी आहे, हे कुणीच विचारलं नाही.

सुट्टीत ती परत पाड्यावर गेली. आता गोळ्या संपल्या होत्या, जायचं तसं काही कारण नव्हतं. सुकीने दार उघडलं, तिला आत घेतलं, कोरा चहा ठेवला. गोठ्याच्या बाजूच्या कुडाला तळहाताएवढं भोक पाडलेलं निशिगंधाला दिसलं. पलीकडून एक शेळी ओरडली.

सुकी तिच्याकडे रोखून बघत होती. "बंद करायला सांगशील?"

निशिगंधा उठून भोकाशी गेली. डॉक्टरांनी महिन्याभरापूर्वी पुन्हा तपासलेल्या शेळ्या निरोगी निघाल्या होत्या. "नको," ती म्हणाली. "फक्त कुठली शेळी व्यायला आली की डॉक्टरांना बोलवा. हात लावू नका."

"नाही लावणार." सुकी म्हणाली, "मोरी असती तर तिचं ओरडणं तुला लगेच कळलं असतं. फार भांडकुदळ."

ती मोरीबद्दल सांगत राहिली. निशिगंधा ऐकत बसली. शेवटची बस गेली असेल, हे तिच्या लक्षात आलं तेव्हा तिने वडिलांना फोन लावला. "मी आज इथेच राहते."

"बरं," वडील म्हणाले. "त्या बाईंना आता बरं आहे ना?"