खणावरचे दोनशे

निलंग्याच्या मंगल कार्यालयात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. स्टेजवर अंतर्नेत्र महाराज. डोळ्यांवर काळी पट्टी, कानांवरून भलामोठा फेटा, गळ्यात बशीएवढं पदक. चेला कुणाचीही नोट घेऊन महाराजांच्या छातीसमोर धरायचा आणि महाराज गरजायचे, "डोळे बंद, ज्ञान बुलंद! शंभर!" नोट शंभराचीच निघायची. टाळ्यांनी पत्रे हादरायचे.

असले बाबा मी पुष्कळ पाहिलेत. परकरात होतो तेव्हा मी आणि माझी मैत्रीण कस्तुरा असाच एक बघायला गेलो होतो. तो लिंबातून रक्त काढायचा. गुरुजींनी दुसऱ्या दिवशी वर्गात सुरीला जास्वंदीचं फूल चोळलं, लिंबू कापलं आणि तसंच रक्त काढलं! आम्ही हसून लोळलो होतो.

आता तीच कस्तुरा पहिल्या रांगेत हात जोडून बसलेली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. शुक्रवारी लातूरला ऑपरेशन. उशीर झाला तर उजवा डोळा जाईल, असं डॉक्टरांनी बजावलेलं. महाराज म्हणाले, "शस्त्र लागलं की अंतर्नेत्र मिटतो. एकवीस दिवस अंगारा घाल."

"कस्तुरे, डोळा हाय का चूल? राख घालतीस?"

"तू गप गं सरजे! पट्टी बांधून नोट वळखतो त्यो. तुला चष्मा लावून सुईत दोरा ओवता येत न्हाई!"

तेवढ्यात एका बाईनं ओटीच्या हिरव्या खणावर पन्नासची नोट ठेवून पुढं केली. महाराज गरजले, "दोनशे!"

चेल्यानं सावरलं, "माय, पन्नास देऊन दोनशेचं पुण्य लागलं तुला!" टाळ्या आणखी वाढल्या.

माझी नात लुंबिनी मात्र उडालीच. "आजी, ही तर माझी चूक हाय!"

ती नांदेडला संगणकाचं शिकते. अंधांना नोटा ओळखून सांगणारं ॲप तिनं मैत्रिणींबरोबर केलंय. त्यासाठी नोटांचे हजारो फोटो काढले होते. चुरगळलेल्या, हळद लागलेल्या, अर्ध्या दुमडलेल्या. ते बघून बघून यंत्र शिकतं.

"दोनशेचे सगळे फोटो मी कस्तुराआजीकडं काढले, हळदीकुंकवाला, खणांवर ठेवून. यंत्र नोटेऐवजी खणच शिकून बसलं! चाचणीला आमी ते ॲप फुकट वाटलं हुतं. यानं तेच वापरलंय."

खण घेऊन ती तडक स्टेजवर चढली. "महाराज, ओटी मी धरते." खणावर दहाची नोट.

"दोनशे!"

"दहाची हाय की!" मागून कुणीतरी ओरडलं.

"भावना खोटी असली की लक्ष्मी रूप बदलते, मूर्खा!"

"मग ही बघा," म्हणत लुंबिनीनं नोट काढून घेतली आणि नुसताच खण धरला.

"दोनशे! दोनशे!"

 लुंबिनी खाली आली आणि खण कस्तुराच्या हातात दिला. कस्तुरानं तो या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपला. मग उलटा करून झटकला.

"महाराज, यात तर नोटच न्हाई. मला धड दिसत न्हाई, पर हाताला कळतंय."

असा हशा उसळला की विचारू नका! गुरुपादप्पा नावाचे एक शेतकरी पुढं झाले. "स्वामी, नोट दरवेळी छातीसमोरच का धरता? पदक काढा आन् मग वळखा." महाराज पदक सोडेनात. गुरुपादप्पांनी ते उलटं केलं. मागं फोन, कॅमेऱ्यापुरतं मधोमध भोक. फेट्याखाली कानात बोलणारं यंत्र. चेला कधीच मागच्या दारानं गेला होता.

शुक्रवारी मी आणि कस्तुरा एसटीनं लातूरला गेलो. ऑपरेशन छान झालं. त्याच आठवड्यात लुंबिनीनं दोनशेच्या नोटांचे नवे फोटो काढले. फरशीवर, सतरंजीवर, माझ्या मांडीवर. यंत्र सुधारलं.

पोरगी चुकली, चूक कबूल केली, दुरुस्त केली. महाराजांनी तीच चूक पुण्य म्हणून विकली. एवढाच फरक ध्यानात ठेवा, बायांनो. कुणी चमत्कार दाखवला, तर टाळीआधी म्हणा, गळ्यातलं काढा आणि पुन्हा करून दाखवा. आणि डोळा डॉक्टरलाच दाखवा.