अज्जीचा आवाज

कान तपासणाऱ्या रेश्मा मॅडमनी माझ्या महेश्वरीच्या ऐकण्याचा ग्राफ माझ्यासमोर धरला आणि खाली घसरत गेलेल्या रेषेवर पेनाचं टोक ठेवलं. इतकंच ऐकू येणारं मूल कानाला मशीन लावूनही, समोरच्याचं तोंड दिसलं नाही तर, निम्मे शब्दसुद्धा ओळखणार नाही, असा त्यांचा अंदाज होता. तो खरा निघाला तर मशीनवर भागणार नव्हतं. मग ऑपरेशन. तेही लवकर, कारण भाषा कानात बसायचं वय भराभर चाललंय.

"पण तुम्ही तर म्हणता, घरी हिला सगळं कळतं," त्या म्हणाल्या.

माझ्याआधी सासूबाईच बोलल्या. "सगळं कळतंय की. मी पाणी आण म्हटलं की आणती, आजोबांचा चष्मा दे म्हटलं की देती. तुमची रेघ काय म्हणती ते बगू नका. चार वर्साच्या लेकराचं डोकं कापायचं म्हणजे काय खेळ हाय?"

मनातून मीही त्यांच्याच बाजूला होते. महेश्वरीच्या कानामागची ती मऊ, पावडरीच्या वासाची जागा रोज मशीन अडकवताना माझ्या बोटांखाली येते. तिथं कुणी सुरी लावणार, हा विचार आला की मी ती जागा तळहातानं झाकायचे.

आधी स्पीकरवरून मराठी शब्द लावले. ऐकायचं आणि समोरच्या चित्रावर बोट ठेवायचं. महेश्वरीनं माझ्या कुशीत तोंड खुपसलं ते काढेचना. मॅडमनी विचारलं, घरी हिच्याशी जास्त कोण बोलतं? मी बालवाडीवर जाते, दिवसभर ती अज्जीजवळ, आणि अज्जी बोलणार कानडी. माझं माहेर वेळापूरचं, माझी कानडी अजून तोडकीमोडकीच. मग मॅडमनी ठरवलं, अज्जीनंच शब्द सांगायचे. आधी तोंड उघडं ठेवून, मग तोंडासमोर पुठ्ठा धरून. मी महेश्वरीला मांडीवर घेऊन बसायचं, पण हलायचं नाही, बोलायचं नाही. आईच्या मानेच्या इशाऱ्यानंसुद्धा तपासणी बाद होते, असं त्यांनी बजावलं. त्या स्वतः काचेपलीकडे उभ्या राहिल्या आणि दार लागलं.

त्या खोलीत बाहेरचं काहीच ऐकू येत नव्हतं, आणि आतलं बाहेर जात नव्हतं. आमच्या शुक्रवार पेठेत रिक्षा, कुकर, शेजारचा टीव्ही, सगळं एकमेकांवर पडत असतं. इथं माझाच श्वास मला मोठा वाटत होता.

सासूबाईंनी पहिल्या चित्राचं नाव सांगितलं. महेश्वरीनं लगेच हत्तीवर बोट ठेवलं. मग मांजर, फूल, घर. एकही चुकलं नाही. काचेपलीकडे मॅडमच्या भुवया वर गेल्या. सासूबाई माझ्याकडे बघून हसल्या, आणि माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. त्या रेषेचंच काहीतरी चुकलं असणार.

मग पुठ्ठा वर आला.

महेश्वरी थांबली. पुठ्ठ्याकडे बघत राहिली. मॅडमनी खूण केली, पुढचा शब्द. पुन्हा तेच. तिचं बोट चित्रांवरच्या हवेत तरंगत राहिलं. मग तिनं हात मागे घेऊन माझ्या बांगड्या धरल्या. एकही शब्द नाही. म्हणजे मशीन लावून ही काहीच ऐकत नाही? मॅडमनी मान खाली घालून लिहायला घेतलं.

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं. महेश्वरीला नाही, पण मला तरी ऐकू यायला हवं होतं. मलाही काहीच ऐकू आलं नव्हतं.

"अव्वा," मी सासूबाईंना म्हणाले. मॅडम काचेपलीकडून हातानं नको नको करत होत्या. "अव्वा, आवाज काढा. तुमचा आवाज येत नाही."

त्या चिडल्या. "मग मगापासून बोलतेय कोण?"

"ओठ हलतायत फक्त. पहिल्यापासून."

पुठ्ठा हळूहळू खाली आला. सासूबाईंचं सगळं तारुण्य टॉवेलच्या कारखान्यात मागावर गेलं. तिथल्या खडखडाटात ओरडून उपयोग नसतो. बायका आवाज न करता नुसत्या ओठांनी बोलतात. कामाच्या अख्ख्या पाळीत सुखदुःखं अशीच सांगतात. आमच्याशी त्या मोठ्यानं बोलायच्या. पण कानाचं मशीन येण्याआधीपासून, ऐकू न येणाऱ्या नातीशी मात्र त्यांची मागावरचीच बोली सुरू झाली होती, आणि घरातल्या गलक्यात ते कुणालाच कळलं नव्हतं. त्यांना स्वतःलाही.

मॅडम दार उघडून आत आल्या. मी सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. पुन्हा करू, म्हणाल्या, आवाज काढून.

सासूबाईंनी पुन्हा पुठ्ठा धरला. त्यांचा आवाज आधी घोगरा आला, मग सुटला. महेश्वरीची मान त्या दिशेला वळली. हत्तीवर बोट गेलं. फुलाला तिनं घर दाखवलं. मांजर बरोबर. मग एकामागून एक चुका, आणि प्रत्येक चुकीनंतर ती पुठ्ठ्याच्या कडेनं वाकून अज्जीचं तोंड शोधत होती.

मॅडमनी बेरीज केली. निम्म्याच्या आतच. रेषेवरून त्यांनी सांगितलं होतं तितपतच.

"ऑपरेशननंतर हिला सगळं कळेल?" मी विचारलं.

"सगळं, असं मी म्हणणार नाही. याच्यापेक्षा बरंच जास्त, असा अंदाज आहे. आणि रोज किती कानावर पडतं, त्यावर बरंच अवलंबून."

सासूबाईंनी मला विचारलं, मॅडमना नाही. "मग इतके दिवस ही माझं काय ऐकत होती?"

"तुमचं तोंड वाचत होती, अव्वा."

मी मॅडमना ऑपरेशनची तारीख मागितली. माझ्या नवऱ्यानं, विरेशनं, निर्णय तपासणीवर सोडला होता, आणि आता तपासणी झाली होती.

बाहेर बाकावर महेश्वरीनं अज्जीची हनुवटी धरून तिचं तोंड आपल्याकडे वळवलं आणि ओठांनी विचारलं, घरी? सासूबाईंचे ओठ सवयीनं उघडले, तसेच मिटले. त्यांनी पदर नाकापर्यंत वर घेतला आणि त्याच्याआडून म्हणाल्या, "होगोण बा, पुट्टी." चल पोरी, जाऊया.

महेश्वरीनं दोन्ही हातांनी पदर ओढला. सासूबाईंनी तो सोडला नाही. पुन्हा म्हणाल्या, जरा मोठ्यानं. पोरगी रडकुंडीला आली. मी उठायला लागले, तर त्यांनी डोळ्यांनीच मला बसवलं. त्यांचे डोळे भरले होते.

"होगोण बा," त्या तिसऱ्यांदा म्हणाल्या.

महेश्वरीचे हात पदरावरच थांबले. तिनं मशीन लावलेला कान अज्जीच्या तोंडाजवळ नेला.