पाटीवरचं वरचं नाव

आमच्या गावाला दोन नावं. स्वीडिश बोलणारे सुंडनेस म्हणतात, फिनिश बोलणारे साल्मिनिएमी. ज्यांची डोकी जास्त, त्यांचं नाव पाटीवर वर. दर दहा वर्षांनी ३१ डिसेंबरला नगरपालिका डोकी मोजते. बरोबरी झाली तर पाटी आहे तशीच. आजवर ती तीनदा उलटली. एकदा तर उलटवणाऱ्यांच्या भांडणात खांबासकट समुद्रात गेली.

सध्या वर स्वीडिश नाव आहे. यंदाची आतापर्यंतची मोजणी: स्वीडिश ६१२, फिनिश ६१२. आणि नोव्हेंबरात एब्बाला मुलगी झाली.

एब्बा आमच्या नगराध्यक्षा गुनवोरबाईंची लेक, पण नवरा तैस्तो फिनिश. बाळाची मातृभाषा एकच लिहिता येते, आणि सही दोघा आईबापांनी ३१ डिसेंबरच्या दुपारी तीनपर्यंत नगरपालिकेत, माझ्या नोंदणीच्या खिडकीवर येऊन करायची; नाहीतर बाळ मोजणीत नाही. आपल्या कारकिर्दीत नाव खाली गेलं तर गुनवोरबाईंनी पुढची निवडणूक जिंकणं विसरावं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

तैस्तोच्या आईनं, राइलीबाईंनी, पहिली बोली लावली: दर शनिवारी वाफेच्या अंघोळीला सौना तापवून देईन. गुनवोरबाईंनी हिवाळाभर धुरी दिलेले मासे कबूल केले. राइलीबाई आठवड्यातल्या तीन दुपारी बाळ सांभाळण्यावर गेल्या.

"मी काय पोरगी लिलावात काढलीय?" एब्बा म्हणाली. मग म्हणाली, "चार दुपारी केल्यात तर बघू."

३१ तारखेला दोन वाजता राइलीबाई केक घेऊनच ऑफिसात आल्या. "काढ रजिस्टर. काल दोघांनी मला शब्द दिलाय. फिनिश."

"पण ते दोघं कुठायत?" मी विचारलं.

मागच्या बाकावर गुनवोरबाई निवांत कॉफी पीत होत्या. "विमानात. बाळासकट. कॅनरी बेटांवर चाललेत. सकाळी सहालाच तिकिटं नेऊन दिली, बारा दिवसांची. एब्बा थंडीनं कावली होती बिचारी."

राइलीबाईंनी केक टेबलावर ठेवला. "म्हणजे विहीणबाई, बाळ स्वीडिश करायचा नादच सोडलात?"

"कशाला? मला बरोबरी पुरते."

"माझ्या तैस्तोला ऊन सोसत नाही."

"क्रीम दिलंय सोबत. मोठी बाटली."

तीन वाजले. मी ६१२ आणि ६१२ लिहून खिडकी बंद केली. राइलीबाईंनी केक कापला, आणि गुनवोरबाईंना मुद्दाम कडेचा करपलेला तुकडा दिला.