याडीचे गुडघे

माझ्या याडीचे, म्हणजे आईचे, गुडघे एकदम मजबूत आहेत. डोक्यावर सरपणाचा भारा घेऊन ती टेकडी उतरते आणि वरून गाणंही म्हणते. तरी आमच्या तांड्यात तिचे, लालीबाईचे, गुडघे म्हणजे मोठं दुखणं समजलं जायचं. त्या गुडघ्यांसाठी ती दर महिन्याला दारव्ह्याहून जीपनं यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात जायची आणि सोबतीला मला, राखीला, न्यायची.

खरं तर सगळं उलटं होतं. दुखणं माझं होतं आणि सोबत तिची. बीएस्सीचं पहिलं वर्ष अर्धवट टाकून मी घरी आले तेव्हा मला कोणी जवळ नसतानाही आवाज ऐकू यायचे. ते माझ्याबद्दल कधी चांगलं बोलले नाहीत. औषधांनी आवाज गेले, पण जाताना माझी चपळाईही थोडी घेऊन गेले. हात संथ चालतो, सकाळी डोकं उशिरा जागं होतं. मला मात्र कॉलेजात परत जायचं होतं. कॉलेजच्या मॅडम म्हणाल्या होत्या, दिव्यांग प्रमाणपत्र आण. पेपरला जादा वेळ मिळेल, वसतिगृहात राखीव जागेसाठी आणि शिष्यवृत्तीसाठी अर्ज करता येईल. त्या कागदाशिवाय माझं शिक्षण तिथंच संपलं असतं. या हातानं मी पेपर पुरा कसा करणार आणि रोज तांड्यावरून सकाळचं प्रॅक्टिकल कसं गाठणार?

लंगडण्याचं काम याडी हौसेनं करायची. जाताना उजवा पाय, येताना डावा. मी डोळे वटारले की पाय बदलायची. बायका कसलीकसली तेलं आणून द्यायच्या. ती ते तेल माझ्या डोक्याला चोळायची. तसं पाहिलं तर औषध बरोबर जागी जात होतं.

दवाखान्यात प्रमाणपत्रासाठी माझी डॉक्टरांच्या बोर्डापुढं तपासणी होती त्या दिवशी घात झाला. आम्ही जीपमध्ये बसतो न बसतो तोच सोनीबाई काकी आली. ही आमच्या तांड्यातली सगळ्यांची थोरली, आणि हिचे गुडघे खरोखरच गेलेले.

"सरक लाले," ती म्हणाली. "तुह्या डॉक्टरले मीबी दाखवतो. इतक्या दिसापासून जाऊन राह्यली तू, गुणाचा हात असन त्याचा."

याडीचा चेहरा खर्रकन उतरला. माझा बा, हिरासिंग, आम्हाला सोडायला आला होता. त्यानं आभाळाकडे पाहिलं, "पानी येते वाटते," म्हणाला आणि घराकडे सटकला. आभाळात ढगाचं नाव नव्हतं.

दवाखान्यात काकी शेपटासारखी मागे. मानसोपचार विभागाच्या दारावर मोठी पाटी होती, पण काकीला वाचता येत नाही.

"गुडघ्याचा डॉक्टर इथीच बसते काय?"

"हाव," याडी म्हणाली. मी तिला चिमटा काढला.

माझं नाव पुकारलं. आम्ही आत गेलो, आणि मागून काकीही. शिपायानं अडवलं तर "मलेबी दाखवाचं हाये" म्हणून त्यालाच दटावून आली. टेबलापाठी तीन डॉक्टर बसले होते. मधल्या डॉक्टरबाईंनी माझी फाईल चाळली, मला बरंच विचारलं. नेमका तो माझा चांगला दिवस होता. वेणी घट्ट, कपडे इस्त्रीचे, उत्तरं धडाधड. मग त्या याडीकडे वळल्या.

"घरी हिला काय काय त्रास होतो, आई?"

"काहीच नाई," याडी ताठ बसून म्हणाली. "मारी छोरी सोन्यावानी हाये. वावरात जाते, सैपाक करते. कायचा तरास?"

"मग आज कशासाठी आलात?"

"माह्या गुडघ्यासाठी."

"अन माह्याबी," काकी मागून म्हणाली.

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "याडी, तुह्या गुडघ्यावर मले हॉस्टेल भेटनार हाये काय? सांग ना खरं! काहून लपवतं?" बोलता बोलता मलाच रडू फुटलं.

याडीनं काकीकडे पाहिलं. मला तिच्या मनातलं कळत होतं. काकीच्या कानावर पडलेलं दारव्हा तालुक्यातल्या प्रत्येक तांड्यावर पोचतं, आणि माझं स्थळ त्यातल्याच एखाद्या तांड्यावरून यायचं होतं. याडीनं पदर तोंडाशी धरला, मग सोडून दिला.

"खोटं बोलली मी, बाई. माहे गुडघे ठणठणीत हायेत. पोरगी बिमार होती. भिताडाले कान लावून बसे. जेवन नाई, आंघोय नाई. रात्री उठून जाईन म्हणून मी दारात आडवी झोपो. होळीले तांड्यात लेंगी म्हनून राह्यलते, तर कान दाबून वरडे, का मलेच शिव्या देऊन राह्यले. मंग मी भायेर गेली. लोकायले म्हनलं, माहे गुडघे लय ठनकून राह्यले, नगारा तिकडं न्या. तवापासून गुडघेच धरले." तिनं माझ्याकडे बोट केलं. "आताबी औषध घेतलं का सकाळी उठवत नाई तिले. चार ओळी लिवाले लय टाइम लागते. पन लिवते. हे बी टाका तुमच्या कागदावर. लिवते."

लेंगी म्हणजे आमची होळीची गाणी. त्या होळीचं मला इतकंच आठवत होतं की अंगावर येणारा नगारा एकाएकी दूर गेला होता. तो कोणी दूर नेला ते मला आज कळत होतं. याडीला तिथंच मिठी मारावीशी वाटली, पण मध्ये खुर्ची होती.

आता काकी काय बोलते म्हणून मी मागे वळून पाहिलं. काकी कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"लाले! मंग मी कोनाले दाखवू माहे गुडघे?"

डॉक्टरबाईंना हसू आवरेना. त्यांनी शिपायाला काकीला हाडांच्या विभागात न्यायला सांगितलं आणि माझ्या फाईलवर बराच वेळ लिहीत राहिल्या.

बाहेर येऊन काकीनं याडीला फैलावर घेतलं. "मले सांगतलं असतं त का मी खाल्लं असतं तुले? अन माह्यं इतकं चांगलं तेल तुले देल्लं मी! वाया घातलं!"

"वाया नाई गेलं काकी," मी म्हणाले. "माह्या डोक्याले लावलं याडीनं सारं."

काकीनं माझ्या डोक्याकडे पाहिलं. मग जाडाभरडा तळवा माझ्या भांगावर ठेवून म्हणाली, "मंग गुण आला म्हन."

प्रमाणपत्र नंतर मोबाईलवर आलं. बा अंगणातून ओरडला, "किती टक्के पडले वं?"

"पन्नास!"

"पास हाये ना?"

"हाव!"

"मंग झालं त." त्यानं सगळ्या तांड्याला साखर वाटली.

मला वसतिगृहात जागा मिळाली. पेपरला मी सगळ्यांच्या नंतर उठायची, पण पुरा करून उठायची. यंदा होळीला घरी आले. लेंगीवाले आमच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन थबकले. नगारा सेवादासकाकाच्या गळ्यात होता. तो एकटाच पुढं आला. याडी दारात होती, पण त्यानं तिला विचारलं नाही, मला विचारलं.

"राखी, वाजवू का?"

सगळा तांडा गप्प उभा. त्या पुऱ्या गर्दीत माझ्याबद्दल कोणी वाईट बोलत नव्हतं.

"वाजवा ना, काका."

नगाऱ्यावर टिपरू पडायच्या आधीच याडी पदर खोचून रिंगणात उतरली. काकी बाजेवर गुडघ्यांना पट्टे बांधून बसली होती. ती ओरडली, "लाले, गुडघे सांभाळ!"

"कोनाचे?" याडी ओरडली, आणि माझा हात धरून तिनं मला आत ओढलं.