दुसरा तेकोल

दुबईच्या अल मनखूल भागातल्या आमच्या बिल्डिंगच्या लॉबीत मी दुपारी वाचत बसतो. वर घरी सुलक्षणाच्या, म्हणजे माझ्या सुनेच्या, ऑफिसच्या मीटिंगा चालू असतात आणि तिथे मी नुसता अडचण होतो. खाली एक सोफा आहे, आणि रिसेप्शनच्या टेबलामागे पर्पेतुआ असते. ती युगांडाची, आमची सिक्युरिटी गार्ड. मला ती ‘म्झे’ म्हणते. तिकडे वडीलधाऱ्या माणसाला तसं म्हणतात.

आमचं बोलणं इंग्रजीतून, दोघांचंही बेताचंच. पण फोनवर ती वेगळंच काहीतरी बोलायची. कोणती भाषा, एवढं विचारायला मला तीन आठवडे लागले. ओसिवा, ती म्हणाली. दोन डोंगर आणि मधली दरी, एवढाच त्या भाषेचा मुलूख. इतक्या लहान भाषा फार दिवस टिकत नाहीत असं मी कुठेतरी वाचलं होतं, आणि वाचलेलं मला लगेच खरं वाटतं. आजाऱ्याची चौकशी करावी तशा आवाजात मी विचारलं, “किती जण उरलेत बोलणारे?”

“उरलेत?” ती म्हणाली. “का, बाकीचे कुठे गेले?”

मी पुस्तकात डोकं घातलं.

मार्चमध्ये तिच्या भावाला मुलगा झाला. ओसिवांमध्ये नाव ठेवायचा मान आत्याचा. हे ऐकल्यावर मी “आमच्यातही!” असं इतक्या मोठ्याने म्हणालो की लिफ्टपाशी उभ्या असलेल्या माणसाने वळून पाहिलं. फरक एवढाच, की आपली आत्या ठरलेलं नाव बाळाच्या कानात सांगते. त्यांच्याकडे बाळाला आईच्या छातीशी धरतात आणि आत्या घराण्यातल्या पूर्वजांची नावं न थांबता पुकारत जाते. ज्या नावाला बाळ दूध ओढू लागेल, ते त्याचं नाव. थोरली आत्या, म्हणजे पर्पेतुआची मोठी बहीण, गेल्या वर्षी वारली, आणि मान पर्पेतुआकडे आला. ती तर चार वर्षं दुबईत. भावाने सुचवलं होतं, तुला जमणार नसेल तर शहरातल्या चुलतबहिणीला सांगतो, ती स्वाहिलीत काहीतरी करेल.

“स्वाहिलीत!” पर्पेतुआ म्हणाली. “एकदा तिला दिलं की पुढची सगळी बाळं तिचीच. मग मी नुसती पैसे पाठवणारी.”

नावं तिला येत होती, पण मध्येच अडखळायची. “म्झे, तुम्ही मास्तरांसारखे दिसता. माझं पाठांतर घ्या.”

मी मास्तर नव्हतो. पुण्यात एका छापखान्यात एकतीस वर्षं प्रुफं तपासली. पण नाही म्हणायला धैर्य लागतं, ते माझ्याकडे नाही. तिने नावं सांगितली, मी वहीत देवनागरीत उतरवली. रात्री शुद्ध प्रत काढताना दिसलं, तेकोल हे नाव दोनदा आलंय, सातवं आणि पुन्हा अकरावं. छपाईसाठी खिळे जुळवताना नजर घसरली की एकच ओळ दोनदा पडते. असली चूक मी हजारदा पकडली असेल. वाटलं, या वेळी नजर माझीच घसरली. तिला विचारायचा संकोच वाटला. दुसरा तेकोल मी खोडला आणि पुढचे आकडे बदलले.

मग दहा दिवस रोज पाठांतर. अकराव्या जागी ती तेकोल म्हणाली की मी बोट वर करायचो, “झालाय तो.” ती गोंधळायची. मग म्हणायची, “तुमच्याकडे लिहिलेलं आहे, म्हणजे बरोबर.”

“बाबा, त्या बिचारीला ड्यूटी करू द्या,” सुलक्षणा मला म्हणाली. “सुपरवायझरने पाहिलं ना, तर खलास.” बारशाच्या दिवशी मात्र तिनेच शिऱ्याचा डबा माझ्या हातात दिला.

तीन वाजता पर्पेतुआची अर्ध्या तासाची सुट्टी. लॉबीमागच्या खोलीत तिने व्हिडिओ कॉल लावून पाण्याच्या बाटलीला टेकवून फोन उभा केला. माझी नात पर्णिका शाळेतून आली होती, तीही दप्तरासकट आत घुसली. मला वाटलं होतं, चार म्हातारी माणसं असतील. स्क्रीनवर चौकोनच चौकोन: अबू धाबीच्या खलिफा सिटीतला एक गार्ड, शारजातल्या कुठल्याशा स्वयंपाकघरातली मुलगी, गाडी बाजूला लावलेला ड्रायव्हर, आणि तिकडे अंगणात पन्नासेक माणसं. एकमेकांना चिडवणारी पोरंही त्याच भाषेत भांडत होती.

पर्पेतुआने डोळे मिटले आणि सुरुवात केली. कुठेही अडखळली नाही. मी वहीवर बोट फिरवत होतो. अठरा नावं झाली, यादी संपली.

बाळाने तोंड फिरवलं होतं. अंगणातली माणसं माना पुढे काढून पाहू लागली.

“आजोबा,” पर्णिका कुजबुजली, “व्हाय इज ही नॉट ड्रिंकिंग?”

अंगणात मागून एक म्हातारी ओरडली. मग सगळेच ओरडायला लागले. पर्पेतुआ माझ्याकडे वळली. “म्झे, तेकोल दोन आहेत! आजोबा आणि त्यांचा नातू!”

आजोबांचं नाव नातवाला. हे तर आपल्याकडेही ठेवतात. मी स्वतः पणजोबांचं नाव लावतो. “मी खोडला तो,” मी म्हणालो. “मला वाटलं, छपाईची चूक.”

तिने ते त्यांच्या भाषेत सांगितलं. खलिफा सिटीवाला हसून हसून चौकोनाबाहेर गेला.

मला वाटलं, मान गेला तिचा, माझ्यामुळे. पण म्हातारीने हात हलवला: पुन्हा म्हण. पर्पेतुआ पुन्हा पहिल्यापासून म्हणू लागली, आणि बाळाने तिसऱ्याच नावाला, अबूरला, दूध ओढायला सुरुवात केली. तिकडे बायकांनी जिभा हलवून एकच गलका केला.

“पण अबूर तर आधीही म्हटलं होतंस,” मी म्हणालो.

“अपुऱ्या यादीतून नाव कोण घेईल?” ती डोळे पुसत म्हणाली. मग फोनमधलं काहीतरी ऐकून हसली. “म्झे, पुकार बिघडवणाऱ्याला दंड असतो. घरच्यांच्या आधी बाळाला नावाने हाक त्यानेच मारायची. पुढे या.”

एवढ्या लोकांसमोर मी आयुष्यात कधी बोललेलो नाही. पहिल्यांदा नुसते ओठ हलले. दुसऱ्यांदा आवाज फुटला, तर ड्रायव्हर ओरडला आणि पर्पेतुआ म्हणाली, “शेवटचा सूर वर न्या.” मी वर नेला. पोरांनी माझी नक्कल केली, पर्णिकाने त्यांची केली. चौथ्यांदा मी मोठ्याने हाक मारली, “अबूर!” या वेळी मला कोणीच दुरुस्त केलं नाही. ती सगळी तोवर आपापसात दुसऱ्याच कशावरून तरी भांडायला लागली होती.