घरी कसं बोलता?

पिशवीच्या तुटक्या चेनला लावलेली सेफ्टी पिन... गोदाबाई ती सारखी उघडत होत्या, लावत होत्या, आणि कुंदाची नजर त्या पिनेवरून हलत नव्हती. वर पाहिलं असतं तर काहीतरी बोलावं लागलं असतं.

गोदाबाई सकाळच्या एसटीनं पातूरहून आल्या होत्या, पौर्णिमाचा दाखला न्यायला. पोरगी मामाकडे राहून नववीत शिकत होती, अकोल्यातल्या या एका बंगल्यात भरणाऱ्या लहानशा शाळेत. इथं मुलांची बोली कुणी खोडत नाही. घरची गाणी, वावरातले शब्द, सगळं वर्गात चालतं. त्यासाठीच तर कुंदा अमरावतीची मोठी शाळा सोडून इथं शिकवायला आली होती. तुम्हीच समजवा, असं मुख्याध्यापक रविकांत सर म्हणाले होते, त्यांच्या भाषेत सांगा.

तिनं सांगितलंही होतं. "काहून नेता ताई पोरीले? चांगली शिकून राहिली ना."

गोदाबाईंनी पिन लावली. मग एकेक शब्द जपून ठेवल्यासारखा म्हणाल्या, "मॅडम, मला तिला मोठ्या शाळेत घालायचं आहे. तिथं तिला नीट बोलायला शिकवतील."

मला. तिला. घालायचं आहे... एसटीत बसून मनातल्या मनात घोकत आल्या असतील का? आणि मी — मी त्यांच्यासाठी त्यांची बोली नेसून बसले, त्या माझ्यासाठी माझी. पण माझी कुठली? वडील वकील, जेवताना कुंदाच्या तोंडून 'मले' आलं की ती शब्द सुधारेपर्यंत घास हातात धरून वाट पाहायचे. अंगणाबाहेर मात्र दिवसभर आमी-तुमी. म्हणजे ती माझीच ना... की फक्त खेळण्यापुरती? वर्गात आपण तसं बोललो की मुलं मोकळी होतात, असं तिला वाटायचं — खरं म्हणजे तसं सर म्हणायचे.

"मले इथंच राहाचं हाय," दारातून पौर्णिमा म्हणाली.

मॅडमसमोर नीट बोल, असं गोदाबाईंनी हळूच दटावलं. पौर्णिमा कुंदाकडे वळली. चेहऱ्यावर राग नव्हता, नुसतं कुतूहल.

"मॅडम, तुमी आमच्याशी असं बोलता अन् सरांशी तसं. मंग घरी कसं बोलता?"

गोदाबाई ओशाळल्या. दाखला आज राहू द्या, तिच्या बाबांना विचारून पुन्हा येते, म्हणत त्या उठल्या. पौर्णिमा त्यांना सोडायला फाटकापर्यंत गेली.

कुंदा बसूनच राहिली. घरी... घरी लेकीशी, अदितीशी, तर निम्मं इंग्रजीच. आईशी फोनवर वेगळं, दूधवाल्याशी वेगळं. आणि कुणीच समोर नसताना? आत्ता, या खुर्चीत — हा सगळा विचार मी कोणत्या बोलीत करून राहिली... राहिले... तिला तो शब्द दुरुस्त करवेना, आणि तसाच सोडवेनाही.